द्राक्षमळ्यांतील पांढरे रस्ते

शेताला पाणी, बीं, खत व मनुष्यबळ यांची जशी गरज आहे तशीच रस्त्याचीही आहे, हें कोणत्याही कास्तकारास सांगावयास नको. माल कितीही उत्तम पिकला, तरी तो बांधावरून उचलून पेठेंत पोंचविणारी वाट नसेल तर त्या पिकण्याचा उपयोग काय? म्हणूनच गांवोगांवच्या सभांत रस्त्याची मागणी पहिली असते. आणि रस्ता म्हटला म्हणजे तो रुंद असावा, डांबरी असावा व त्यावरून मोठ्यांतली मोठी गाडी भरधांव जावी, अशीच सर्वांची समजूत असते. मातीमुरमाचा अरुंद रस्ता म्हणजे मागासलेपणाची खूण, असें आपण धरून चालतों. ही समजूत सर्व ठिकाणीं खरी नाहीं, आणि जेथें ती खरी नाहीं तेथें तिच्यापायीं शेतकऱ्याचेंच नुकसान होतें, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. हें मत बनण्यास कारण झाला तो इटली देशांतील एक डोंगराळ द्राक्षप्रांत. तेथील शेतरस्त्यांवरून सायकलीनें हिंडावयास दरवर्षीं दूरदूरचे लोक येतात, आणि ते रस्ते डांबरी नाहींत म्हणूनच येतात. गोष्ट प्रथम ऐकतांना चमत्कारिक वाटते. परंतु तिच्यांत शेतकऱ्यानें विचार करण्याजोगें पुष्कळ आहे.

हा प्रांत म्हणजे किआन्ती. मध्य इटलींत टस्कनी नांवाचा जो इलाखा आहे, त्यांत उत्तरेस फ्लॉरेन्स व दक्षिणेस सिएना हीं दोन जुनीं शहरें आहेत. त्यांच्या दरम्यान हा डोंगरांचा पट्टा पसरला आहे. गायोले, राद्दा, कास्तेल्लिना व ग्रेव्हे हीं त्यांतील मुख्य गांवें. गायोले खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटर उंचीवर. तर राद्दा व कास्तेल्लिना डोंगराच्या धारेवर, अनुक्रमें सुमारें ५३० व ५८० मीटर उंचीवर. सपाट जमीन अशी फार थोडी. एका गांवाहून दुसऱ्या गांवास जावयाचें तर खोऱ्यांत उतरावें आणि पुन्हां धारेवर चढावें, हाच तेथील प्रवासाचा क्रम. जमिनींत दोन तऱ्हेचा दगड आढळतो. एक पापुद्रे सुटून सहज फुटणारा, त्यास तिकडे गालेस्त्रो म्हणतात. दुसरा कठीण, पांढरट, चुनखडीचा, त्यास आल्बेरेसे म्हणतात. शेतांतून वेंचून काढलेला दगडच तेथें बांधास, घरास व रस्त्यास लागत आला आहे.

या प्रांताच्या हद्दीविषयीं एक दंतकथा आहे. महसूल खात्यांत दिवस काढलेल्या माणसास ती विशेष गोड वाटावी अशी आहे. फ्लॉरेन्स व सिएना यांच्यामध्यें मध्ययुगांत सरहद्दीचा तंटा वर्षानुवर्षें चालला होता. शेवटीं असें ठरलें कीं, कोंबडा आरवतांच दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघावा, व ते जेथें एकमेकांस भेटतील ती हद्द समजावी. सिएनावाल्यांनीं पांढरा कोंबडा निवडून त्यास दाणापाणी घालून पुष्ट केलें. फ्लॉरेन्सवाल्यांनीं काळा कोंबडा निवडून त्यास उपाशी ठेवलें. उपाशी कोंबडा पहांटेच्या फार आधींच आरवला, आणि फ्लॉरेन्सचा स्वार इतका पुढें आला कीं सिएनापासून थोड्याच कोसांवर, फोन्तेरूतोली या ठिकाणीं, दोघांची गांठ पडली. त्यामुळें बहुतेक सारा किआन्ती फ्लॉरेन्सकडे गेला. कथा खरी असो वा नसो, तो काळा कोंबडा आजही तेथील द्राक्षबागायतदारांच्या संघाचें चिन्ह आहे. हा संघ १९२४ सालीं राद्दा येथें ३३ बागायतदारांनीं स्थापन केला. दंतकथा सोडून कागदच पाहावयाचा, तर टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें १७१६ सालीं जाहीरनामा काढून किआन्तीच्या मालाची हद्द बांधून दिली. कोणत्या शिवारांतला माल कोणत्या नांवानें विकावा हें सरकारी हुकमानें ठरविण्याचें हें फार जुनें उदाहरण होय.

हा माल म्हणजे मद्य. मद्याच्या बऱ्यावाईटपणाचा विचार हा या लेखाचा विषय नव्हे; ज्यानें त्यानें आपल्या घरची रीत पाळावी. शेतीच्या दृष्टीनें पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. या मुलखाचें एकंदर क्षेत्र सुमारें ७०,००० हेक्टर. त्यांपैकीं कोंबड्याच्या चिन्हाखालीं येणाऱ्या द्राक्षबागा सुमारें ७,००० हेक्टर, म्हणजे दहांत एक. बाकी बहुतेक रान, आणि मधून मधून जैतुनाच्या बागा. द्राक्षाची मुख्य जात सांजोवेझे. "किआन्ती क्लासिको" हें नांव लावावयाचें तर मद्यांत ही जात निदान शेंकडा ८० असली पाहिजे, आणि हेक्टरीं ७५ क्विंटलांपेक्षां अधिक द्राक्ष घेतां येत नाहीं. म्हणजे एकरीं सुमारें तीस क्विंटल! आपल्याकडील खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार एकरीं शंभर क्विंटलांची भाषा बोलतो. त्याला हा आंकडा ऐकून हसूं येईल. परंतु तेथील धोरणच असें कीं थोडें पिकवावें व नांवानें विकावें. या धोरणाचा रस्त्याशीं निकट संबंध आहे. ज्याचा माल वजनावर विकतो त्यास दारापर्यंत मालमोटार हवी. ज्याचा माल नांवावर विकतो त्यास दारापर्यंत गिऱ्हाईक हवें. दोघांच्या रस्त्याच्या गरजा एक नाहींत.

आतां हे रस्ते कच्चे कां राहिले तें पाहूं. या मुलखांत पिढ्यानुपिढ्या अर्धेलीची वहिवाट होती. जमीन मालकाची, श्रम कुळाचे व उत्पन्न निम्मेनिम. कुळाचें घर गावठाणांत नसून त्याच्या वांट्याच्या जमिनींतच, बहुधा टेकडीच्या माथ्यावर असे; त्यामुळें घर तितकी वाट, अशा असंख्य वाटा डोंगरांवर पसरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी शहरांतील कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या कायद्यानें अर्धेलीचे नवे करार बंद झाले, व १९८२ च्या कायद्यानें उरलेले करार खंडाच्या करारांत बदलण्याची तजवीज झाली. तोंपर्यंत कित्येक घरें ओस पडलीं होतीं. मुख्य रस्ते डांबरी झाले. परंतु रिकाम्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर डांबर कोण घालणार? त्या जशा होत्या तशा राहिल्या. पांढऱ्या रस्त्यांचें आजचें जें सौंदर्य, तें एका ओसाडीचें शेष आहे. त्यांचें कौतुक करणारे हें बहुधा विसरतात. शेतकऱ्यानें तें विसरूं नये.

चुनखडीच्या खडीमुळें हे रस्ते पांढुरके दिसतात, म्हणून त्यांचें नांवच "पांढरे रस्ते" पडलें आहे. उन्हाळ्यांत त्यांवर धूळ उडते, पावसांत चिखल होतो. त्यांपैकीं जे राहिले होते तेही एकामागून एक डांबराखालीं जाऊं लागले, तेव्हां जांकार्लो ब्रोक्की नामक गृहस्थांनीं १९९७ सालीं गायोले येथें एक सायकलफेरी काढली. तिचें नांव "लेरोइका", म्हणजे वीरांची फेरी. पहिल्या वर्षीं ९२ स्वार आले. पांढरे रस्ते जतन व्हावे हा त्या फेरीचा एक उघड हेतु होता. फेरींतील सायकल १९८७ किंवा त्यापूर्वींच्या बनावटीची असली पाहिजे असा दंडक आहे; स्वार जुन्या पद्धतीचे लोंकरी सदरे घालून येतात, व वाटेंतील थांब्यांवर त्यांस भाजीपाल्याचें दाट सूप, पाव व स्थानिक मद्य मिळतें. सर्वांत लांब फेरी सुमारें २०९ किलोमीटरांची आहे, आणि तिचा मार्ग पाट्या लावून बारमाही खुला ठेवलेला आहे. पुढें २००७ पासून याच रस्त्यांवर धंदेवाईक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. ती आतां "पांढरे रस्ते" याच नांवानें ओळखली जाते व सिएनाच्या मोठ्या चौकांत संपते. ९२ माणसांच्या फेरीनें जें आरंभिलें, त्याची आज फेरीस हजारों लोक येतील इतकी वाढ झाली. जो रस्ता डांबर नाहीं म्हणून हलका मानला जात होता, त्याच रस्त्याच्या नांवावर गांवें ओळखलीं जाऊं लागलीं.

शर्यत व जत्रा मात्र वर्षांतून एकेक दिवसाची. माझें लक्ष वेधलें तें उरलेल्या दिवसांतील शांत, एकट्यादुकट्या सायकलस्वारानें. दोन वर्षांपूर्वीं जांवयांच्या नोकरीच्या निमित्तानें वैशाखांत तीन आठवडे फ्लॉरेन्स येथें राहण्याचा योग आला, तेव्हां चार दिवस गायोलेच्या बाजूस काढले. माझें वय पन्नाशी उलटून बरेंच पुढें गेलेलें. तेव्हां विजेच्या साह्यानें चालणारी सायकल भाड्यानें घेतली. ह्या नव्या सायकलींनीं डोंगराचा चढ उतारवयाच्या माणसासही सुसह्य केला आहे. पायडल मारावेंच लागतें. परंतु दम तुटत नाहीं. चढापेक्षां उतारच कठीण. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक जोरानें दाबला कीं चाक घसरतें. म्हणून अंग मागें घेऊन दोन्ही ब्रेक हलके हलके दाबीत उतरावें लागतें. बैलगाडी उतरणीला लावतांना गाडीवान जशी जपणूक करतो तशीच ही.

गायोलेहून सुमारें दहा किलोमीटरांवर ब्रोलिओचा किल्ला आहे. बाराव्या शतकापासून तो रिकासोली घराण्याकडे आहे. याच घराण्यांतील बेत्तीनो रिकासोली हे १८६१ सालीं इटलीचे पंतप्रधान झाले. किआन्तीच्या मद्यांत कोणतें द्राक्ष किती असावें याचें प्रमाण ठरवून देण्याचें श्रेयही त्यांसच देतात. किल्ल्याकडे चढणारा पांढरा रस्ता सुरूच्या जातीच्या उंच, निमुळत्या झाडांच्या दोन रांगांमधून जातो. सकाळचे आठ वाजले होते. किल्ला येईपर्यंत मला एक ट्रॅक्टर व दोन सायकलस्वार भेटले, इतकेंच. चाकाखालची खडी, कोकिळेच्या जातीचा एक पक्षी व कोठेंतरी चाललेला फवारणीचा पंप, याखेरीज आवाज नव्हता. ट्रॅक्टरवाल्यानें मला पाहून वेग कमी केला, जेणेंकरून धूळ उडूं नये. मीही बाजूस उभा राहिलों. अशा रस्त्यावर माणसें एकमेकांस नमस्कार केल्यावांचून पुढें जात नाहींत.

सायकलीवरून शेत जसें दिसतें तसें मोटारींतून दिसत नाहीं, आणि पायीं चालून इतकें शेत दिवसांत पाहून होत नाहीं. ताशीं दहाबारा किलोमीटरांच्या चालीनें मला ओळींतलें अंतर मोजतां आलें. दोन ओळींत गवत राखून माती कशी धरली आहे तें दिसलें. वेलीची छाटणी किती डोळ्यांवर केली आहे तें उभें राहून पाहतां आलें. रानडुकरांच्या उपद्रवापायीं बागांस घातलेलीं तारेचीं कुंपणें पाहून तर आपल्याच मुलखांत आल्यासारखें वाटलें. जो मनुष्य अशा चालीनें चार शेतें पाहत येतो, तो पांचव्या शेताच्या दारीं थांबतो, पाणी मागतो, दोन प्रश्न विचारतो, आणि जातांना एखादी बाटली किंवा जैतुनाचें तेल घेऊन जातो. मोटारवाला थांबला तर गांवच्या चौकांत थांबतो. सायकलवाला शेताच्या फाटकाशीं थांबतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनें या दोघांत मोठा भेद आहे.

सायकल ही तिकडे मूळची चैनीची वस्तु नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. आपल्याकडे गवळी, टपालवाला व गिरणींतला कामगार यांची ती जशी सोबतीण होती, तशीच तेथेंही होती. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस, किआन्तीच्या वेशीवरच, पोन्ते आ एमा नांवाचें गांव आहे. प्रसिद्ध सायकलपटु जीनो बार्ताली तेथील. फ्रान्सची मोठी शर्यत त्यानें १९३८ व १९४८ अशी दोनदां जिंकली. युद्धकाळांत १९४३-४४ मध्यें सरावाच्या मिषानें तो सायकलीच्या नळींत बनावट ओळखपत्रांचे कागद लपवून नेई, व त्या कागदांवर कित्येक यहुदी कुटुंबांचे प्राण वांचले. हें त्यानें हयातींत मिरविलें नाहीं. २०१३ सालीं इस्रायलनें त्याचा मरणोत्तर गौरव केला.

मध्य इटलीचा हा डोंगराळ मुलूख मराठी माणसासही सर्वस्वीं परका नाहीं. किआन्तीच्या पूर्वेस तिबेर नदीचें वरचें खोरें लागतें. तेथें १० जुलै १९४४ रोजीं माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या ठाण्यावर एकटे चालून गेले व धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ सालीं तेथील मोन्तोने गांवीं त्यांच्या नांवें छायायंत्राचें स्मारक उभारण्यांत आलें. आज ज्या टेकड्यांतून लोक मौजेनें सायकली हांकतात, तसल्याच टेकड्या आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं पाठीवर ओझें घेऊन व बंदुकीच्या माऱ्यांत चढल्या आहेत. शांत रस्ता ही आयती मिळालेली वस्तु नव्हे, हें यावरूनही ध्यानीं यावें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतों. हा शांत पांढरा रस्ता राखतो कोण आणि त्याचा खर्च भरतो कोण? कच्चा रस्ता म्हणजे बिनखर्चाचा रस्ता असें समजणें चूक आहे. त्याचा मध्य उंच ठेवावा लागतो, दोन्ही कडेचे चर दरसाल साफ करावे लागतात, आडव्या मोऱ्यांतला गाळ काढावा लागतो, व पावसाळा संपला कीं नवी खडी पसरून दाबावी लागते. एक वर्ष हयगय झाली कीं रस्त्याचा ओढा होतो, आणि तो ओढा खालच्या शेताची माती घेऊन जातो. ह्या कामाची इटलींतील व्यवस्था मला फार विचार करण्याजोगी वाटली. शेताशेतांतून जाणाऱ्या व शेजाऱ्यांच्या सामाईक उपयोगाच्या रस्त्यांस तेथें कायद्यानें वेगळा वर्ग दिला आहे. १ सप्टेंबर १९१८ च्या हुकमान्वयें अशा रस्त्याच्या वापरदारांस संघ करून दुरुस्तीचा खर्च वांटून घेतां येतो. आणि तो रस्ता सार्वजनिक रहदारीस खुला असेल, तर गांवच्या पालिकेनें रस्त्याच्या महत्त्वाप्रमाणें खर्चाचा एक पंचमांश ते निम्मा भाग सोसलाच पाहिजे. १९५८ च्या कायद्यानें सार्वजनिक उपयोगाच्या अशा रस्त्यांसाठीं संघ करणें आवश्यक ठरविलें. तत्त्व सरळ आहे: शेजारी वापरतात तितकें शेजाऱ्यांनीं द्यावें, परका वापरतो तितकें सरकारानें द्यावें.

ज्या शेतकऱ्याच्या घरीं आम्ही दोन रात्रीं उतरलों होतों, त्याच्या वाटेवर सात खातेदार होते. वर्षास एकदां बसून ते हिशेब करतात; कोणी ट्रॅक्टर देतो, कोणी खडीचे पैसे देतो. मीं त्याला जांवयांमार्फत विचारलें कीं, सायकलवाल्यांचा तुम्हांस त्रास होत नाहीं काय? तो म्हणाला कीं सायकल रस्ता झिजवीत नाहीं. रस्ता झिजतो तो आमच्याच ट्रॅक्टरांनीं व पाण्यानें. त्रास होतो तो पाण्याचा चर बुजवून वर गाडी उभी करणाऱ्यांचा. उत्तर मार्मिक आहे. परंतु त्याच्या शेजारणीचें मत वेगळें होतें. तिचीं मुलें शाळेस जाणारीं, सासू अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली कीं रात्रीं डॉक्टरची गाडी वर येतांना या खड्ड्यांचें सौंदर्य आम्हांस दिसत नाहीं. हेंही उत्तर तितकेंच खरें आहे, व ह्या लेखांत त्याला जागा दिली नाहीं तर तो लेख एकांगी होईल.

कारण या व्यवस्थेंत दोष आहेत, आणि ते लहान नाहींत. वीरांची फेरी आक्टोबराच्या पहिल्या रविवारच्या सुमारास असते. तोच द्राक्षतोडणीचा हंगाम. तोडलेलें द्राक्ष थांबत नाहीं, आणि ट्रॅक्टरला वाट हवी असते त्याच वेळीं वाट स्वारांनीं भरलेली असते. उन्हाळ्यांत धूळ कडेच्या ओळींवर बसते. ओस पडलेलीं घरें धनवान परक्यांनीं घेतल्यानें घरांच्या किंमती चढल्या आहेत, व तेथीलच शेतमजुराच्या मुलास तेथें घर घेणें अवघड झालें आहे. शिवाय शांततेची कीर्ति झाली म्हणजे ती शांतता मोडण्यास गर्दी येतेच. म्हणून फेरींतील स्वारांच्या संख्येस मर्यादा घालावी लागली. हे सर्व लक्षांत घेऊनही माझें मत असें कीं पांढरा रस्ता राखावा. परंतु तो राखावा कीं नाहीं हें त्या रस्त्यावर बारा महिने राहणाऱ्यानें ठरवावें. आठ दिवसांच्या पाहुण्यानें यजमानाच्या गैरसोईचें कौतुक करून जाऊं नये. पाहुण्यांस रस्ता जसा आहे तसाच हवा असेल, तर त्या रस्त्यावर राहणाऱ्यास जी झीज सोसावी लागते तिचा वांटा त्यांच्याकडून आला पाहिजे.

तो वांटा शेतकऱ्याच्या घरांत कसा जावा, याचीही तेथें कायद्यानें तजवीज आहे. शेतावर पाहुणे उतरविण्याच्या धंद्याविषयीं १९८५ सालीं पहिला राष्ट्रीय कायदा झाला व २००६ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. त्याचें सार असें: हा धंदा शेती करणाऱ्यानेंच करावयाचा, शेती मुख्य राहिली पाहिजे व पाहुणचार तिला जोड, आणि पानांत वाढावयाचें अन्न मोठ्या प्रमाणांत आपल्या शेतचें व आपल्या मुलखाचें असलें पाहिजे. म्हणजे नुसती जमीन विकत घेऊन तीवर विश्रामगृह बांधणाऱ्यास ही सवलत नाहीं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें, ही इष्ट गोष्ट झाली. मात्र त्या नांवाखालीं शेती नाममात्र व हॉटेल मुख्य असा प्रकार कोठें होऊं लागला, तर मूळ हेतु विफल होईल. शेतावर पाहुणा यावा तो शेतासाठीं.

आपल्या वाचकांनीं यांतून काय घ्यावें? आंधळें अनुकरण तर मुळींच नको. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, व काळ्या जमिनींतील पाणंद आषाढांत बैलासही ओलांडवत नाहीं. तेथें खडी, मुरूम व जरूर तेथें पक्का रस्ता हवाच. त्यास सौंदर्याच्या नांवावर विरोध करणें हें पाप होईल. परंतु माझ्या नोकरींत मीं जे रस्त्याचे तंटे पाहिले, त्यांत रस्ता अरुंद म्हणून झालेले थोडे. रस्ता नांगरून टाकला, बांध सरकवला, चर बुजवला म्हणून झालेले फार. गांवनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनें व पाऊलवाट एकेरी तुटक रेषेनें दाखविलेली असते. प्रत्यक्षांत जाऊन पाहावें तर तेथें ऊस उभा! महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ प्रमाणें बांधावरून वाट मागतां येते, व मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणें वहिवाटीच्या रस्त्यांतील अडथळा दूर करवून घेतां येतो. दुसऱ्या कलमाखालीं अर्ज सहा महिन्यांच्या आंत केला पाहिजे, ही गोष्ट कित्येकांस मुदत टळल्यावरच कळते. कायदे आहेत, पण कायदा वाट मोकळी करून देईल, ती राखण्यास शेजारीच बसले पाहिजेत. सात खातेदारांची ती वार्षिक बैठक आपल्या गांवीं भरावयास कोणत्या सरकारी ठरावाची गरज आहे?

त्या बैठकींत तीन गोष्टी ठरल्या तरी पुरे. पहिली, नकाशावरील वाट मोजून खुणा कायम करणें. दुसरी, दोन्ही बाजूंस चर काढून पाण्याला मार्ग देणें. कारण रस्ता मोडतो तो चाकानें कमी व पाण्यानें अधिक. तिसरी, कडेनें झाडें लावणें व तीं कोणी तोडावयाचीं नाहींत असा निर्बंध घालणें. यानंतर रुंदी व डांबर यांचा विचार करावा, व तो करतांना आपला माल वजनावर जातो कीं नांवावर, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं पाहावें. नाशिक जिल्ह्यांत द्राक्षाचे मळे पाहण्यास आज शहरांतील लोक येतात. त्यांची मोटार हमरस्त्यावरील एका मोठ्या फाटकाशीं थांबते व तेथूनच परत फिरते; आंतल्या शिवारांतील लहान बागायतदारास त्यांचें दर्शनही होत नाहीं. आंतली वाट मोकळी, कोरडी, सावलीची व शांत असेल, तर त्यांतील थोडे तरी आंत येतील, आणि जे सायकलीनें येतील ते शेताच्या फाटकाशीं थांबतील.

शांतता हेंही एक पीक आहे. त्यास बीं लागत नाहीं, परंतु राखण लागते. आणि इतर पिकांप्रमाणेंच त्याचा भाव पिकविणाऱ्याच्या पदरांत पडला पाहिजे, अडत्याच्या नव्हे. आपल्या शिवारांतील जुनी वाट नांगराखालीं घालण्यापूर्वीं किंवा तिच्यासाठीं रुंद डांबराचा अर्ज करण्यापूर्वीं, एकदां पावसाळ्यानंतर ती पायीं चालून पाहावी, आणि मग शेजाऱ्यांस बोलावून विचार करावा, इतकीच वाचकांस विनंति आहे.